कोलीसाठी लस : सुई, फवारा की आईकडून?

गडनदीकाठ

नमस्कार मंडळी. कणकवलीच्या खालच्या अंगाला माझी तीन हजार ब्रॉयलर (मांसासाठीच्या) कोंबड्यांची शेड आहे. कुठल्या कंपनीच्या कराराची नाही. पिल्लं, खाद्य, विक्री सगळं माझं मीच बघतो. त्यामुळे लस कुठली द्यायची हा निर्णयही माझाच, आणि तो चुकला तर भुर्दंडही माझाच.

गेल्या पावसातल्या बॅचची गोष्ट सांगतो. एका औषधविक्रेत्याने सांगितलं की कोलीवर (ई. कोलाय जंतूच्या रोगावर) तेलातली किल्ड, म्हणजे मारलेल्या जंतूंची लस आली आहे, दहाव्या दिवशी मानेत टोचा, विषय संपला. आम्ही चौघांनी मिळून एका रात्रीत तीन हजार पिल्लं टोचली. चोविसाव्या दिवशी मरतूक सुरू झाली. आधी आठ-दहा, मग रोज वीस-पंचवीस. उघडून बघितलं तर काळजावर (यकृतावर) दुधाच्या सायीसारखा पांढरा पडदा, चिमटीत धरून सोलता येईल असा. हृदयाभोवतीची पिशवी जाड झालेली, आत पिवळट पाणी. हवेच्या पिशव्या एरवी साबणाच्या फुग्यासारख्या आरपार दिसतात, त्या दह्याने माखल्यासारख्या. हे सगळं कोलीचंच, ते मला कळतं.

पण त्याहून जास्त लागलं ते पुढचं. छत्तिसाव्या दिवशी माल उचलला आणि दोन दिवसांनी चिकनवाल्याचा फोन आला. गिऱ्हाइकाने मानेचा तुकडा परत आणून दिला होता. मी स्वतः जाऊन पाहिलं. कातडीखाली सुपारीएवढी गाठ, सुरी फिरवली तर आतून पांढरा तेलकट रस आला. ते गिऱ्हाईक चार वर्षांचं होतं.

आता पुन्हा पिल्लं टाकायची आहेत. कोणी म्हणतं तेलाऐवजी जेलची लस घे, कोणी म्हणतं पहिल्याच दिवशी हॅचरीत फवारा मारून घे, कोणी म्हणतं आईकोंबड्यांना लस दिलेल्या हॅचरीचीच पिल्लं घे. यांत नेमका फरक काय, आणि चाळीस दिवसांच्या पक्ष्याला कुठली जमते? ज्यांनी वापरली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

आगरातला

दादा, आधी एक विचारतो. लस ठेवली कुठे होती? आमच्याकडे अलिबागला निसर्ग वादळानंतर (जून २०२०) कितीतरी दिवस वीज नव्हती. माझ्या फ्रिजमध्ये लसीच्या बाटल्या होत्या. बर्फ मिळेल तसा घालून ठेवल्या, आणि एक बाटली थेट बर्फाला टेकून गोठली. वितळल्यावर तळाला पाणी आणि वर तेल असे दोन थर स्पष्ट दिसत होते. कितीही हलवलं तरी एकजीव होईना. तेलाची लस म्हणजे तेलात पाण्याचे बारीक थेंब बांधून ठेवलेले असतात. गोठली की ती बांधणी मोडते आणि बाटली फेकून द्यावी लागते. २ ते ८ अंश म्हणजे थंड ठेवायची, गोठवायची नाही. जेलच्या लसीचंही तेच, गोठली की जेलच्या गुठळ्या होऊन खाली बसतात.

गडनदीकाठ

थर नव्हते, दुधासारखी एकसारखी होती. ते मी पाहिलं होतं.

पशुवैद्य_राजापूर

गडनदीकाठ, तुमची लस खराब असेलच असं नाही. ती त्या पक्ष्यासाठी नव्हतीच. थोडं लांब लिहितो, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो.

मारलेले जंतू नुसते टोचले तर शरीर त्यांची फारशी दखल घेत नाही. म्हणून सोबत उद्दीपक घालतात. तेल हा सगळ्यात जोरदार उद्दीपक. टोचलेल्या जागी तेलाचा साठा राहतो, त्यातून जंतूंचे अंश आठवडेच्या आठवडे झिरपत राहतात आणि रोगाशी लढणारी प्रतिपिंडं भरपूर आणि दीर्घकाळ तयार होतात. पण वेळ लागतो. चांगली पातळी यायला तीन-चार आठवडे घ्या. तुम्ही दहाव्या दिवशी टोचलंत, रोग चोविसाव्या दिवशी आला. लस अजून वाटेतच होती. आणि ती पूर्ण कामाला लागणार तेव्हा पक्षी दुकानात लटकलेला.

दुसरं त्या गाठीचं. साठा राहणं हाच तेलाचा गुण, आणि ब्रॉयलरमध्ये तोच दोष. अमेरिकेत तेलाच्या लसीनंतर ४२ दिवस कत्तल करायची नाही असा नियम आहे, अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या, म्हणजे तुम्ही म्हणता त्या जेलच्या लसीला २१ दिवसांचा. आपला पक्षी ३५ ते ४० दिवसांत विकला जातो. हिशेब तुम्हीच करा. बाटलीसोबतच्या कागदावर हा कालावधी असतो, तो विक्रेत्याने तुम्हाला वाचून दाखवायला हवा होता.

तिसरं, ई. कोलायचे प्रकार असंख्य. कोंबड्यांत ओ१, ओ२ आणि ओ७८ हे जास्त सापडतात. मारलेली लस ज्या प्रकाराची, त्याच्यावरच नीट चालते. तुमच्या शेडमधला जंतू वेगळा असेल तर तेल कितीही चांगलं असो, उपयोग कमीच.

आता मला सांगा, एकविसाव्या दिवशी लासोटा पाण्यातून दिली होती का? आणि शेडचे पडदे बंद होते का?

गडनदीकाठ

हो डॉक्टर, लासोटा एकविसाव्या दिवशी दिली. त्याच दिवसापासून चार दिवस मुसळधार होता, दोन्ही बाजूंचे पडदे खाली सोडले होते. पक्षी शिंकत होते, पण ते लासोटाचंच असेल असं वाटलं.

पशुवैद्य_राजापूर

तेच. लासोटा हा राणीखेत रोगाच्या लसीतला जिवंत विषाणू, श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर तो थोडी झीज करतोच. चांगल्या हवेत ती काही दिवसांत भरून येते. पडदे बंद, खाली अंथरलेलं तूस ओलं, अमोनिया साठलेला, तर त्या सोललेल्या अस्तरावरून कोली सरळ हवेच्या पिशव्यांत उतरतो. तेव्हा कोली बहुतेक वेळा दुसऱ्याने उघडलेल्या दारातून येतो. मायकोप्लाझ्मा, ब्रॉन्कायटिस, अमोनिया, कोणीतरी आधी दार उघडतं. कोलीची कुठलीही लस घेण्याआधी हे बघा.

अमोनिया मोजायला यंत्र नसलं तर शेडमध्ये उकिडवं बसा, पक्ष्याच्या उंचीवर नाक न्या. उभ्या माणसाला तिथला वास कळत नाही. डोळे चुरचुरले तर २५ पीपीएम कधीच ओलांडलेलं असतं.

जुनो_गडी

डॉक्टरांनी बरोबर सांगितल्यानी. माझा एकच सांगणा आसा. पावसात तूस सुकत नाय, म्हणान लोक पडदे बंद करतत, आणि पडदे बंद केल्यार तूस आणखी ओला होता. वारो नैऋत्येचो. त्या अंगाचो पडदो खाली सोडा, पण पूर्वेचो उघडो ठेवा, आणि नैऋत्येचोय वरसून वीतभर मोकळो. तूस मुठीत दाबून बघा. गोळो झालो आणि तसोच रवलो तर ओला. फुटलो तर बरा. मी दर दोन दिसांनी फावड्यान परततंय, पाण्याच्या निपलाखालचा ओला काढून टाकतंय. लस मगे बघा.

दापोलीची_अंडी

तेलाच्या लसीला सगळेच नावं ठेवायला लागाल म्हणून लिहिते. माझ्याकडे गावठी आणि सुधारित अंड्यावरच्या कोंबड्या आहेत. त्यांना कोरायझा व्हायचा, डोळ्याखाली सूज, नाकातून घाण वासाचा स्राव, अंडी निम्म्यावर. कोरायझाची मारलेली लस दोनदा टोचायला लागल्यापासून तो त्रास गेला. कोंबडी दीड वर्ष राहणार असेल तर सुरुवातीचे चार आठवडे गेले तरी चालतात, आणि तिच्या मानेतला साठा तिच्या उपयोगीच पडतो. दोष तेलाचा नाही, पक्ष्याच्या आयुष्याचा आहे. (कोरायझातही ए, बी, सी असे प्रकार असतात. तिन्ही असलेली लस आहे का ते बघून घ्यावं लागतं.)

पशुवैद्य_राजापूर

अगदी हेच मला म्हणायचं होतं, ताई. तुम्ही दोन ओळींत म्हटलंत.

पिल्लूघर

मी घाटावर एका हॅचरीत सहा वर्षं लसीकरण विभागात आहे, माहेर सावंतवाडीचं. फवाऱ्याबद्दल मी सांगू शकते.

कोलीची जिवंत लस म्हणजे ओ७८ प्रकारचाच जंतू, पण त्याचं एक जनुक काढून टाकलेलं. त्या जनुकाचं नाव एरोए. त्याच्याशिवाय जंतूला काही अमिनो आम्लं स्वतः बनवता येत नाहीत, आणि पिल्लाच्या शरीरात ती त्याला पुरेशी आयती मिळत नाहीत. म्हणून तो थोडा वेळ जगतो, शरीराला आपली ओळख करून देतो आणि संपतो. युरोपात ही लस २०१२ पासून मान्य आहे, पहिल्या दिवसापासून फवाऱ्याने देता येते, कत्तलीसाठी थांबायची अट नाही. टोचायची नसल्याने गाठीचा प्रश्नच येत नाही. संरक्षण साधारण दोन आठवड्यांनी सुरू होतं. तुमचा रोग चोविसाव्या दिवशी आला होता, म्हणजे हिशेबात बसतं.

फवाऱ्यात थेंब जाड लागतो. डब्यावर फवारा मारला की पिल्लांच्या लवेवर थेंब मण्यांसारखे चमकतात आणि पिल्लं एकमेकांच्या अंगावरचे ते थेंब टिपून खातात. डोळ्यांतून, नाकातून, चोचीतून लस आत जाते. थेंब धुक्यासारखा बारीक झाला तर तो हवेत उडून जातो किंवा थेट फुफ्फुसात खोल उतरतो, पिल्लू शिंकायला लागतं. फवारल्यावर पंधरा-वीस मिनिटं डबा उजेडात ठेवतो, अंधारात पिल्लं टिपत नाहीत. लगेच गाडीत भरून वाऱ्यावर नेलं तर ओली पिल्लं गारठतात, ते वेगळंच.

एक गोष्ट मात्र तुम्हाला विचारायची आहे. पिल्लं आल्यावर पहिले तीन दिवस पाण्यातून काय देता?

गडनदीकाठ

गुळाचं पाणी, मग पहिले तीन दिवस अँटिबायोटिक. इथे सगळेच देतात. बेंबी पिकू नये म्हणून.

पिल्लूघर

मग फवारा वाया जाणार. ती लस म्हणजे जिवंत जंतू. तुम्ही पाठोपाठ जंतू मारणारं औषध दिलंत तर सगळ्यात आधी लसच मरते. विषाणूच्या लसीला, म्हणजे लासोटा-गंबोरोला, अँटिबायोटिकने थेट काही होत नाही, म्हणून तुम्हाला ते आजवर जाणवलं नसेल. जंतूंच्या जिवंत लसीत हा मोठा फरक आहे. आमच्याकडून पिल्लं नेलेले कितीतरी जण म्हणतात फवाऱ्याचा काही उपयोग झाला नाही, आणि विचारलं की हेच निघतं.

चिरेखाण

माझं मत वेगळं आहे. एवढी कटकट करण्यापेक्षा शिंक ऐकू आली की कोलिस्टिनचा डोस द्यावा. आम्ही वर्षानुवर्षं दिला, माल निघायचा.

पशुवैद्य_राजापूर

दादा, कोलिस्टिनवर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे. कोंबड्या, इतर अन्नोत्पादक प्राणी, मासे, खाद्यातली पूरक औषधं, कशातच चालत नाही. माणसाला इतर कुठलंच औषध लागू पडत नाही तेव्हा अतिदक्षता विभागात हे शेवटचं औषध वापरतात. आपल्या शेडमधून त्याला दाद न देणारा कोली बाहेर पडला तर उद्या तुमच्याआमच्या घरातलं माणूस खाटेवर असताना डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही. हे मी मनापासून सांगतो, कृपया देऊ नका. कुणाकडे जुना साठा असेल तर तोही वापरू नका.

आणि शिंक ऐकल्यावर औषध द्यायचं झालं तरी आधी मेलेल्या पक्ष्याच्या काळजाचा नमुना तपासायला पाठवा. कुठलं औषध लागतं ते कळेल. आजकाल निम्मी औषधं लागतच नाहीत असं माझ्या टेबलावर रोज दिसतं.

चिरेखाण

बंदीचं मला माहीत नव्हतं. दुकानात मागितलं की मिळत होतं. यापुढे नाही.

परळ_वसतिगृह

मी मुंबईत पशुवैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव देवगड. आईकडून येणाऱ्या संरक्षणाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

ब्रॉयलरच्या आईला लस टोचली तर तिची प्रतिपिंडं बलकातून पिल्लाला मिळतात. कोलीसाठी युरोपात अशी एक लस आहे. तिच्यात अख्खा जंतू नाही, त्याचे फक्त दोन भाग आहेत : ज्या तंतूंनी जंतू श्वासनलिकेला चिकटतो ते एफ११, आणि एफटी नावाचं विष. आई वर्षभर जगणार, त्यामुळे तिला टोचायला हरकत नाही, आणि पिल्लू पहिल्या दिवसापासून काहीतरी कवच घेऊनच येतं. अडचण अशी की उसनी प्रतिपिंडं झपाट्याने उतरतात, चार-पाच दिवसांत निम्मी होतात. तिसऱ्या आठवड्यात फारसं उरत नाही. बेंबीचा संसर्ग आणि पहिल्या आठवड्याची मरतूक यांत त्याचा फायदा. चोविसाव्या दिवसासाठी त्यावर विसंबता येणार नाही.

पुढे काय येऊ घातलंय त्याचंही सांगतो, मला यात फार रस आहे. ओहायो स्टेट विद्यापीठात साल्मोनेलाच्या जंतूचे भाग कायटोसानच्या सूक्ष्म कणांत भरून ब्रॉयलरला तोंडावाटे देण्यावर काम चालू आहे. कायटोसान कशापासून काढतात माहीत आहे? कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचापासून. आपल्या बंदरावर ज्याचे ढीग पडतात त्याच. त्याचे कण आतड्याच्या अस्तराला चिकटतात, आतल्या मालाचं पोटातल्या आम्लापासून रक्षण करतात आणि नेमका जिथून जंतू शिरतो तिथेच शरीराला जागं करतात. सुई नको, गाठ नको. आणि कॅनडातल्या सस्कॅचवान विद्यापीठात वेगळीच वाट : जंतूच्या डीएनएसारखे कृत्रिम तुकडे (सीपीजी म्हणतात) धुक्याच्या रूपाने पिल्लांच्या श्वासात द्यायचे. त्यात कुठलाच रोगजंतू नाही, पण शरीर जंतू आल्यासारखं सावध होतं, आणि कोलीच्या प्रादुर्भावात पिल्लं जास्त वाचतात.

हे सगळं प्रयोगशाळेतलं, उद्या दुकानात मिळेल असं नाही. पण लस म्हणजे फक्त आतला जंतू नव्हे, तो कशात बांधलाय आणि कुठल्या दाराने आत जातोय यावर सगळं काम अवलंबून असतं. पाश्चरने १८७९ मध्ये जंतूंपासूनची पहिली लस केली तीही कोंबड्यांच्या कॉलऱ्याचीच. गोष्ट अशी सांगतात की उन्हाळ्याच्या सुट्टीत तसेच पडून राहिलेले जंतू टोचले आणि कोंबड्या मेल्या नाहीत. पुढे ताजे जंतू टोचले तरी जगल्या.

पिल्लूघर

परळकर, कोळंबीच्या कवचाचं मला ठाऊक नव्हतं. छान लिहिलंत.

आगरातला

मग पाण्यातून जिवंत लस घरीच दिली तर? हॅचरीवर कशाला अवलंबून राहायचं?

पिल्लूघर

देता येते, कागदावर पाण्यातून द्यायची सोय लिहिलेली असेल तरच. पण तुमचं पाणी नीट हवं. क्लोरीन असलं तर लस मरते. विहिरीत टीसीएल पावडर टाकता ना? लसीच्या आदल्या दिवसापासून टाकी-पाइप बिनक्लोरीनच्या पाण्याने धुवा, आणि लसीच्या पाण्यात आधी स्किम दुधाची पावडर घाला, लिटरला अडीच ग्रॅम, उरलासुरला क्लोरीन ती खाते. दहा-पंधरा मिनिटांनी मग लस. पक्षी तासभर तहानलेले ठेवा, सगळं पाणी दोन तासांच्या आत संपलं पाहिजे. अडचण अशी की आठवडाभराच्या तीन हजारांतली काही पिल्लं पितातच कमी, म्हणून डोस सारखा जात नाही. डब्यात शंभर पिल्लं दाटीने बसलेली असतात, तिथे फवारा जास्त समान पडतो. मी तरी फवाराच सांगेन.

गडनदीकाठ

मंडळी, तुम्हा सगळ्यांचं वाचून वही काढून बसलो. ठरवलं ते सांगतो. तेलाची आणि जेलची दोन्ही बाद. हॅचरीत पहिल्या दिवशी फवारा. पहिल्या तीन दिवसांचं अँटिबायोटिक बंद, त्याऐवजी ब्रूडिंगचं (पिल्लांना ऊब देण्याचं) तापमान आणि पाण्याच्या भांड्यांची सफाई मी स्वतः बघणार. लासोटा हवा कोरडी असेल तेव्हाच देणार, तारखेला चिकटून नाही.

एक विचार होता. शेडमध्ये मध्ये जाळी मारून निम्मी पिल्लं फवारा मारलेली, निम्मी बिनफवाऱ्याची ठेवली तर तुलना होईल का?

पशुवैद्य_राजापूर

नाही होणार. जिवंत लसीतला जंतू विष्ठेतून, तुसातून जाळीपलीकडे जातो, दुसऱ्या निम्म्यांनाही थोडीफार लस मिळते. वेगळी शेड नसेल तर बॅचविरुद्ध बॅच बघा, आणि मरतूक एवढीच मोजू नका. अठ्ठाविसाव्या दिवशी दहा पक्षी उघडा, मेलेले नव्हे, कळपातले धडधाकट. हवेच्या पिशव्या, हृदय, काळीज, तिन्हीला शून्य ते तीन असे गुण द्या. स्वच्छ असेल तर शून्य, दह्यासारखा जाड थर असेल तर तीन. संशोधकही असंच करतात. मात्र राणीखेतची लस लांबवायची झाली तर दोन-चार दिवसच लांबवा, टाळू नका. राणीखेत आली तर कोलीचं काय घेऊन बसलात.

गडनदीकाठ

पुढचं कळवतो. पिल्लं काल रात्री फोंडा घाटातून उतरली, पहाटे तीनला शेडवर. डब्यावर लसीचं नाव आणि फवाऱ्याची वेळ लिहिलेली होती, ती मी मागून घेतली. लव कोरडी होती, डोळे उघडे, पायांना हात लावला तर कोमट. कागदावर टाकलेलं खाद्य टिपायला दहा मिनिटांत लागली. चार तासांनी वीस पिल्लांच्या गळ्याची पिशवी चाचपली, अठरांची भरलेली लागली. पाण्यात यावेळी फक्त गूळ.

जुनो_गडी

पडदे?

गडनदीकाठ

नैऋत्येचा खाली, वर वीतभर मोकळा. पूर्वेचा ब्रूडरच्या जागी आडोसा ठेवून बाकी अर्धा उघडा. काका, तूस मुठीत दाबून पाहिलं, फुटलं.

पिल्लूघर

अठ्ठाविसाव्या दिवसाचे फोटो इथेच टाका. हवेच्या पिशव्यांचा फोटो काढताना आतडी आधी बाजूला करा आणि मागे काळं कापड धरा, नाहीतर पारदर्शक पिशवी दिसत नाही.